शेवटच्या थांब्यापर्यंत

बाय,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज तुझ्या आईनं काल धोपाव्याच्या धक्क्यावर मला वाचून दाखवला. जर्मनीत हॅम्बुर्गला जाऊन सहा आठवडे झाले, पण खोली, कॉलेज आणि कोपऱ्यावरचं दुकान सोडलं तर काहीच ओळखीचं वाटत नाही. चुकले तर काय करू, म्हणून रविवारी मैत्रिणींबरोबर पर्यटकांच्या बसचं तिकीट काढतेय. हे ऐकून रात्री डोळा लागला नाही.

ते तिकीट काढू नको. तुझ्या सेमिस्टरच्या फीमध्ये जे तिकीट आलंय, त्यावर यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), बस आणि नदीतल्या फेरीबोटीसुद्धा चालतात. कुठलीही एक गाडी धर आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहा. मध्ये उतरायचं नाही. फोन पिशवीत.

तू पाच वर्षं गुहागर-चिपळूण एस.टी.नं कॉलेजला गेलीस. शृंगारतळीला कोण चढतं, मासळीच्या पाट्या घेऊन बायका कुठे उतरतात, कुठल्या वळणावर घंटी न मारताही ड्रायव्हर गाडी थांबवतो, हे तुला कुणी नकाशावर दाखवलं होतं का? रोज बसलीस म्हणून कळलं. मग तीच पोरगी परक्या गावात एवढी घाबरते कशी? राग येतो गो मला.

राग तुझ्यावर नाही, हे लिहिता लिहिता लक्षात येतंय. १९९४ साली आमचं जहाज हॅम्बुर्गला लागलं होतं. मी एबी, म्हणजे अनुभवी खलाशी होतो. डेकवरून समोरच्या तीरावर वाळूची पट्टी दिसायची, तिथे पोरं खेळत होती, म्हातारी माणसं कुत्री फिरवत होती. दोन दिवस मी ते बघत उभा राहिलो. सुट्टी मिळाली तेव्हा चौघांनी मिळून टॅक्सी केली, चॉकलेटं आणि सेंट घेतलं आणि तीन तासांत परत गँगवेवर. ती वाळू कुठली, तिथे जायचं कसं, मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. पुढे कितीतरी बंदरं अशीच गेली. आज डोळे मिटले तर त्यांतली मला टॅक्सीची खिडकी तेवढी आठवते.

पंधरा वर्षांनी पुन्हा तिथे लागलो तेव्हा ठरवून ६२ नंबरची फेरी धरली. लांडुंग्सब्र्यूकेनहून फिंकेनवेर्डरपर्यंत, अर्ध्या तासाच्या आतला प्रवास. वाटेत ओव्हेलग्योने आलं आणि ती वाळू समोर. तरी मी उतरलो नाही. आधी शेवटपर्यंत गेलो, येताना उतरलो. तूही तसंच कर. लांडुंग्सब्र्यूकेनचा धक्का तरंगता आहे, नीट बघ. समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब, तरी एल्ब नदीत भरती-ओहोटीचा फरक साडेतीन मीटरच्या वर असतो. सुकतीला धक्क्यावर उतरायचे पूल खाली कललेले असतात आणि भरतीला जवळजवळ सपाट. धोपाव्याला फेरीची वाट बघत वाढलेल्या पोरीला हे कुणी समजावून सांगायला नको.

पहिल्या रविवारी भीती वाटली तर यू-३ धर. तिचा मोठा भाग वर्तुळ आहे, बार्मबेकहून निघून शहराला वळसा घालून परत बार्मबेकला येते. १९१२ पासूनचा मार्ग आहे. बंदराजवळ गाडी जमिनीवरून उंच, पुलावरून जाते, तेव्हा पाण्याच्या बाजूला बस. हरवणं शक्यच नाही. पण हे एकदाच. त्यानंतर १३ नंबरची बस, फेडेलहून किर्शडॉर्फ-झ्यूडपर्यंत. तिला तिथले लोक ‘विल्डे १३’, म्हणजे रानटी तेरा म्हणतात. ती विल्हेल्म्सबुर्गमधून जाते, कामकरी वस्ती, जगभरातून आलेली माणसं. पर्यटकांची बस तुला चर्च आणि नगरभवन दाखवील. तेरा नंबर तुला तुझ्यासारखीच बाहेरून येऊन तिथे रुजलेली माणसं दाखवील. आणि ब्लांकेनेझेला चढावाच्या अरुंद गल्ल्यांतून छोट्या बस जातात, त्यांना ‘बेर्गत्सीगे’ म्हणतात, डोंगरातली बकरी. तिच्यात बसलीस की आपल्या घाटीच्या वाटा आठवतील.

थोडं कामाचं. स्टेशनावर फाटक नसतं म्हणून तिकीट विसरू नको, साध्या कपड्यांतले तपासनीस येतात आणि दंड ६० युरो. डबा थांबला तरी दार आपोआप उघडेलच असं नाही, बटण दाब. एस-१ ओल्सडॉर्फला तुटते, पुढचे तीन डबे विमानतळाला जातात आणि मागचे पॉपेनब्यूटेलला. शेवटच्या थांब्यापर्यंत बसायचं असेल तर कुठल्या डब्यात बसलोय ते आधी बघ.

आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, तेही. ते मी एकदा बघितलं नव्हतं. अँटवर्पला ट्रामनं शेवटपर्यंत गेलो आणि जहाजावर चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. त्याची नोंद झाली आणि माझं बोसनपद (खलाशांचं मुकादमपद) तीन वर्षं लांबलं. तुझी काकी अजून म्हणते, एका ट्रामपायी पगार घालवलात. चूक वेळेची होती, ट्रामची नाही, हे तिला मी आजपर्यंत पटवू शकलो नाही. त्या ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर एक म्हातारा लाकडी बाकावर वाटाणे सोलत बसला होता. मला बघून थोडा सरकला आणि जागा करून दिली. भाषा एकमेकांची येत नव्हती. आम्ही दोघांनी मिळून वाटाणे सोलले. बोसन मी झालोच की पुढे. ती दुपार पुन्हा कुठून मिळाली असती?

तेव्हा बाय, शेवटच्या थांब्यापर्यंत बस. मैत्रिणी हसतील, हसू देत. एकटीच जा.

६२ नंबरनं जाशील त्या दिवशी निघतानाची वेळ आणि धक्क्यावरचा पूल किती कललेला होता, तेवढं लिहून पाठव. इकडे त्याच वेळी दाभोळ खाडीला पाणी कुठवर आलं होतं ते मी बघून ठेवतो.

तुझा,
काका