मृत्यू, अपंगत्व आणि आकडे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अपघातात दगावलेला तरुण आणि पाय गमावून जगलेला तरुण, दोघांचं नुकसान जागतिक अहवालांत एकाच मापानं कसं मोजतात? (समाजकार्याची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर: दोघांचीही गेलेली वर्षं मोजतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालानं हे माप पुढे आणलं. त्याची बांधणी मुख्यतः ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ या संशोधकांची, नाव ‘डॅली’. एक डॅली म्हणजे निरोगी आयुष्याचं गेलेलं एक वर्ष. पंचविसाव्या वर्षी मृत्यू आला आणि पुढचं अपेक्षित आयुष्य हिशेबापुरतं ६५ वर्षं धरलं, तर ६५ डॅली गेले. जगलेल्याचं प्रत्येक वर्ष अपंगत्वाच्या भारांकानं गुणतात. ० म्हणजे पूर्ण आरोग्य, १ म्हणजे मृत्यूइतकं नुकसान. एक पाय गेला पण कृत्रिम पाय मिळाला, तर भारांक ०.०३९, मिळाला नाही तर ०.१७३. तीच ६५ वर्षं धरली तर नुकसान एकीकडे सुमारे अडीच वर्षांचं, दुसरीकडे सव्वाअकरा. जखम तीच, तरी पावणेनऊ वर्षांचा फरक पडतो तो केवळ पाय बसवला की नाही यावर. मानेपाशी मज्जारज्जू तुटला, तर उपचार मिळूनही भारांक ०.५८९ राहतो.

हे भारांक डॉक्टरांनी बसून ठरवलेले नाहीत. सर्वसामान्य लोकांपुढे दोन अवस्थांची वर्णनं ठेवून ‘यातला जास्त निरोगी कोण?’ असं विचारत त्यांच्या उत्तरांवरून ते काढले. त्यामुळे बुडालेली मजुरी किंवा रॅम्प नसलेली कचेरी त्यांत येत नाही. डॅली आरोग्याचं नुकसान सांगतो; कुटुंबाचं नुकसान वेगळंच मोजावं लागतं.

प्रश्न: भारतातल्या रस्ते अपघातांच्या मृत्यूंचे दोन आकडे का दिसतात?

उत्तर: २०२१ साठी केंद्र सरकारचा आकडा १,५३,९७२, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सुमारे २ लाख १६ हजार. सरकारी आकडा पोलिसांच्या नोंदींतून येतो. ज्या देशांत मृत्यूनोंदणी अपुरी आहे, तिथे संघटना गणिती प्रारूपानं अंदाज काढते. अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू रस्ते अपघाताचाच धरायचा असतो. विसाव्या दिवशी दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात रुग्ण गेला आणि मूळ ठाण्याला कळलंच नाही, तर तिथे तो ‘जखमी’च राहतो.

प्रश्न: मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात (नमुना ४) अपघाताच्या रुग्णांबाबत नेमकं काय लिहावं? (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय)

उत्तर: मृत्यूंचे आकडे अशाच कागदांवर उभे असतात, म्हणून हे सविस्तर. समजा, आजी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि तीन आठवड्यांनी न्यूमोनियानं गेल्या. पहिल्या भागात (अ) न्यूमोनिया, (ब) खुब्याचं हाड मोडणं, (क) न्हाणीघरात ओल्या फरशीवर घसरून पडणं, असा उतरता क्रम हवा. मूळ कारण म्हणून (क) मोजलं जातं. फक्त न्यूमोनिया लिहिलात, तर पडून झालेल्या मृत्यूंतून ही नोंद गळते. फक्त मोडलेलं हाड लिहिलंत, तर कारणांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातले क्रमांक देणारा कर्मचारी ‘एक्स-५९’, म्हणजे अनिर्दिष्ट कारण, हा क्रमांक देतो. अशा निरुपयोगी क्रमांकांवरचे मृत्यू जागतिक अभ्यासात ठरावीक प्रमाणात इतर कारणांवर वाटून टाकतात. तुम्हाला माहीत असलेलं कारण तिथे अंदाजात बदलतं. ‘हृदय व श्वसन बंद पडणं’ तर लिहूच नका, ते प्रत्येक मृत्यूत होतं.

‘डोक्याला मार’ ही जखम झाली. दुचाकीस्वाराला ट्रकची धडक, परांचीवरून पडणं, विहिरीत बुडणं ही कारणं. नमुन्यात ‘इजा कशी झाली’ ही जागा असते, ती रिकामी सोडू नका. कीटकनाशकाच्या विषबाधेत फवारताना अंगात भिनलं की प्यायलं, हे वेगळं लिहा. हेतू कळला नसेल तर अंदाजानं ‘अपघात’वर खूण करू नका, ‘तपास प्रलंबित’ निवडा. व्हिसेरा अहवाल (मृताच्या अवयवांच्या रासायनिक तपासणीचा) आल्यावर दुरुस्त कारण जन्म-मृत्यू निबंधकाकडे पाठवायची जबाबदारी कोणाची, हे रुग्णालयानं लेखी ठरवून ठेवावं; नाहीतर ती नोंद कायम ‘प्रलंबित’च राहते.