सर्टिफिकेटं ढीगभर, पण क्रेडिट किती?

बार्शीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा पुण्यात एफवायबीकॉमला आहे, सारखा कुठल्यातरी कार्यक्रमाला जातो, आज रक्तदान शिबिर, उद्या वेबिनार, रविवारी मॅरेथॉनला व्हॉलंटियर, आणि लेक्चरचं विचारलं की "आई, याचे क्रेडिट मिळतात" म्हणतो. हे खरं आहे का, आणि आता एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, सात दिवसांच्या शिबिराला जायचं म्हणतोय तर पाठवू का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, पोरगा अर्धं खरं बोलतोय. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे तीन वर्षांच्या डिग्रीला १३२ क्रेडिट, म्हणजे केलेल्या अभ्यासाची आणि कामाची मोजणी, आहेत, म्हणजे सेमिस्टरला २२, आणि त्यातले काही खरंच वर्गाबाहेरचे असतात. एनएसएस, एनसीसी, खेळ, योगा, नाटक-गाणं हे सगळं को-करिक्युलरमध्ये येतं, पोरं त्याला नुसतं सीसी म्हणतात. पुढे फील्ड प्रोजेक्ट आणि समाजात जाऊन करायचं सीईपी पण असतं. साधारण दोन-दोन क्रेडिटचे विषय आहेत हे.

पण क्रेडिट कार्यक्रमाला हजर राहिल्याचं नसतं हो, तासांचं असतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, फील्डवर्क किंवा समाजातल्या कामाचं एक म्हणजे ३० तास, मग दोन क्रेडिटला झाले ६०. दीड तासाच्या वेबिनारला बसून, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून ई-सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, असे चाळीस वेबिनार केले तर ६० तास होतील आणि तरी कॉलेज ते धरेलच असं नाही, कारण तो विषय कॉलेजनी दिलेल्या यादीतला हवा, तुमच्या नावावर त्या सेमिस्टरला नोंदवलेला हवा आणि मार्क देणारे सर किंवा मॅडम ठरलेले हवेत. मॅरेथॉनचा टीशर्ट छान असतो, तेवढंच.

पुढचं त्याला वाचायला द्या.

तू आधी सीसीला काय घेतलंयस ते बघ, बरेच जण ॲडमिशनच्या फॉर्मवर काहीतरी टिक करतात आणि विसरतात. एनएसएस घेतलं असशील तर हिशोब सोपा आहे, वर्षाला १२० तास, म्हणजे सेमिस्टरला ६०, दोन वर्षांत २४० आणि शिवाय एक शिबिर, तेव्हा एनएसएसचं सर्टिफिकेट मिळतं. वारीतली स्वच्छता, विसर्जनाला घाटावर निर्माल्य गोळा करणं, मतदार नोंदणी, ही कामं कॉलेजच्या एनएसएस युनिटकडून केलीस आणि डायरीत तारीख, तास, काम लिहून प्रोग्राम ऑफिसरची, म्हणजे एनएसएस बघणाऱ्या शिक्षकांची, सही घेतलीस तर ते धरलं जातं. तेच काम मित्राच्या मंडळाकडून केलंस तर पुण्य मिळेल, क्रेडिटचं आधी विचारून घे. सीईपीची वेळ येईल तेव्हा कॉमर्सवाल्यांनी वृक्षारोपणाचे फोटो काढत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे, एखाद्या बचत गटाची हिशोबवही सहा महिने सांभाळ, बायकांना बँकेचं स्टेटमेंट वाचायला शिकव, नोकरीच्या इंटरव्ह्यूत यावर दहा मिनिटं बोलता येतं. आणि पैसे घेऊन "सोशल इंटर्नशिप"चं सर्टिफिकेट देणारे व्हॉट्सॲपवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

अजून एक, मिळालेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुझ्या नावाच्या ऑनलाइन क्रेडिट खात्यात, जमा होतात, पण ते विद्यापीठ भरतं, आपल्याला स्वतः टाकता येत नाहीत. रिझल्टनंतर डिजिलॉकर उघडून बघ आणि दिसत नसतील तर लगेच ऑफिसला जा, तिसऱ्या वर्षी जाऊन उपयोग नाही, तोवर मार्क देणारे सर बदललेले असतात.

ताई, लेक्चर बुडवायची परवानगी यातून मिळत नाही, हजेरी वेगळी. कॉलेजच्या कामासाठी गेला असेल तर प्रोग्राम ऑफिसर पत्र देतात, ते मागा त्याच्याकडे. शिबिराला मात्र बिनधास्त पाठवा. दत्तक गावात राहायचं, सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री पथनाट्याची तालीम, कुठे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा. सोबत शिक्षक असतात. कॉलेज पालकांचं संमतीपत्र मागेल, त्यावर सही करा आणि हिवाळ्यातलं असेल तर जाड चादर द्या, शाळेच्या फरशीवर झोपायचं असतं.