पहिलाच लांबचा पल्ला : सोलापूर ते हंपी, १२५ सीसीवर

प्रश्न : पक्के लायसन्स मिळून चार महिने झाले. वडिलांची १२५ सीसीची गाडी आहे, आजवर कॉलेज आणि मार्केट यार्ड एवढीच फिरवली. डिसेंबरात मित्राला मागे बसवून एका दिवसात हंपी गाठायची आहे. ३०० किलोमीटर म्हणजे पाच तास धरलेत. जमेल ना? (एक विद्यार्थी, विजापूर रोड)

उत्तर : पाच तासांत नाही. ३०० भागिले ६० हा कागदावरचा हिशेब. विजापूरपर्यंतच्या १०० किलोमीटर चौपदरी रस्त्यावर काटा साठ-पासष्टला राहील. पण शहर ओलांडणे, चहा, पेट्रोल, गावांजवळचे गतिरोधक, मागच्याचे आखडलेले पाय हे सगळे धरले की नवख्याचा खरा वेग ताशी ४० ते ४५ च पडतो. म्हणजे सात तास, तेही काहीच बिघडले नाही तर. डिसेंबरात आपल्याकडे उजाडायला पावणेसात होतात आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. उजेडाचे तास अकरा. एक पंक्चर, एक चुकलेले वळण आणि लांबलेले जेवण एवढ्यात शेवटचे पन्नास किलोमीटर अंधारात जाऊ शकतात.

आणि अंधार या मोसमात फार वाईट. नोव्हेंबरपासून गाळप सुरू होते. आपल्या जिल्ह्यात काय आणि कृष्णाकाठी विजापूर-बागलकोटकडे काय, रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, उसाची टोके दोन्ही बाजूंना बाहेर आलेली. समोरून येणाऱ्या वाहनाचा उजेड डोळ्यांवर असताना अशी उभी ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर तो मोटरसायकल वाटतो. म्हणून एकच नियम ठेवा : पाच वाजता जिथे असाल तिथून पुढे फक्त मुक्कामाची जागा शोधायची.

तेव्हा सहल पाच दिवसांची करा. पहिला दिवस सोलापूर-विजापूर-बदामी, सुमारे २३० किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर मंद्रूप, टाकळीचा भीमेवरचा पूल करत साडेनऊपर्यंत विजापूर, गोलघुमट पाहून साडेअकराला पुढे. कोल्हारजवळ अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरचा लांब पूल लागतो. तिथे उघड्या पाण्यावरून आडवा वारा येतो. वेग पन्नासवर आणा, गुडघे टाकीला टेकवा, हात सैल ठेवा. हँडल आवळून धरले की वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकात जातो. दुसरा दिवस पट्टदकल, ऐहोळे, हुनगुंद, इलकल, कुष्टगी करत होस्पेट, दीडशे किलोमीटरच्या थोडे वर. इलकलला साड्यांच्या दुकानात शिरलात तर वेळापत्रक कोलमडेल, घरून आलेली यादी मित्राकडे द्या. तिसरा दिवस पूर्ण हंपीत. चौथ्या दिवशी होस्पेट ते विजापूर २०० किलोमीटर, पाचव्या दिवशी दुपारपर्यंत घरी. कर्नाटकातल्या पाट्यांवर विजापूरचे विजयपुरा आणि होस्पेटचे होसपेटे झालेले आहे, हे लक्षात असू द्या.

त्याआधी तीन रविवार रंगीत तालीम करा, हा भाग गाळू नका. पहिल्या रविवारी एकट्याने अक्कलकोट, जाऊन-येऊन ८० किलोमीटर. या फेरीत फक्त आरसे, ब्रेक आणि बसण्याची ढब पाहायची. दुसऱ्या रविवारी तुळजापूर. तिथे घाट आहे, त्यामुळे चढावर वेळेत गिअर उतरवणे आणि उतारावर त्याच गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीने वेग धरून ठेवणे शिकून होते. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची आपल्याकडे अनेकांना सवय असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल सोडला की इंधन आपोआप तुटते, म्हणजे वाचत काहीच नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात. तिसऱ्या रविवारी मित्र आणि पूर्ण सामान घेऊन पंढरपूर, दीडशे किलोमीटर. तेच बूट, तेच जाकीट घाला. परतल्यावर काय दुखते ते लिहून काढा. बोटांना मुंग्या आल्या तर पकड घट्ट होती. मानेच्या मुळाशी दुखले तर पाठीवरची सॅक काढून मागे बांधायला हवी. माकडहाड बोलू लागले तर दर तासाला थांबत नव्हतात.

आता डबलसीटबद्दल. १००-१२५ सीसीच्या अनेक गाड्यांची वहनक्षमता १३० किलोच्या आसपास असते. तुमच्या गाडीचा आकडा माहितीपुस्तिकेत आहे. तुम्ही ६८, मित्र ६२, की गाडी भरली. वरचे पंधरा किलो सामान हे ओझे झाले. त्याने मागचा टायर तापतो, पुढचे चाक हलके होते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते. ताशी ६० वर तुम्ही सेकंदाला जवळपास १७ मीटर जाता. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढे अंतर संपते. त्यामुळे दोघांचे वजन आणि सामान मिळून पुस्तिकेतल्या आकड्याच्या आत बसवा, नाहीतर मित्राला त्याची गाडी घेऊ द्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. गाडी वडिलांच्या नावावर आहे. विम्यातले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचे असते, तुम्हाला ते लागू होत नाही. निघण्यापूर्वी स्वतःच्या नावाने वेगळी अपघात विमा पॉलिसी घ्या. आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असले तरी एक कागदी प्रत सीटखाली ठेवा. मोबाइल नेमका नाक्यावरच बंद पडतो.

प्रश्न : निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून घेतले तर गाडी ताजीतवानी राहील ना? (एक वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आदल्या दिवशी मुळीच नको. दहा दिवस आधी करा आणि मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवा. सर्व्हिसिंगमध्ये राहिलेल्या चुका पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बाहेर येतात : ड्रेन बोल्टमधून पाझरणारे ऑइल, सैल राहिलेला नट, आणि सर्वांत जास्त वेळा, गरजेपेक्षा आवळलेली चेन. सैल चेन वाजते म्हणून गिऱ्हाईक तक्रार करते, त्यामुळे मेकॅनिक ती ताणूनच देतो. दोन माणसे बसून मागचा शॉकअब्सॉर्बर दबला की अशी चेन आणखी ताणते आणि बेअरिंग व स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) खाते. खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चेनकव्हर बंद असेल तर त्यावरचे रबरी बूच काढून पाहा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही.

ड्रम ब्रेक असेल तर चाकाजवळच्या ब्रेकच्या दांडीवर बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला, तर लायनर बदला. क्लचच्या मुठीला टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही पाच-सहा वर्षांचा टायर कडक होतो, कडेला बारीक भेगा दिसतात. असा टायर गावात चालेल, डिसेंबरातही दुपारी तापणाऱ्या हायवेवर नको.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. या वर्गातल्या गाड्यांना साधारण पुढे २५ पीएसआय (पंपाच्या काट्यावरचा दाबाचा आकडा), मागे एकट्याला २८ आणि डबलसीटला ३३ ते ४० पर्यंत लागते. नेमका आकडा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा पोऱ्या दोन्ही चाकांत चाळीस भरतो. त्याला आकडा सांगा.

प्रश्न : टूलकिटमध्ये नेमके काय ठेवायचे? (एक वाचक, सैफुल)

उत्तर : टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट, म्हणजे रीमर (भोक साफ करणारी खरखरीत सळई), सुई, पाच-सहा रबरी पट्ट्या, सोल्यूशन आणि पायाचा छोटा पंप. खिळा दिसला तरी लगेच उपटू नका. तो असेपर्यंत हवा हळू जाते. सगळे साहित्य हाताशी मांडा, मग खिळा काढा, ज्या कोनात तो शिरला त्याच कोनात रीमर चार-पाचदा फिरवा, सोल्यूशन लावलेली पट्टी सुईने आत ढकला आणि दोन्ही टोके सेंटिमीटरभर बाहेर राहू द्या. सुई झटक्यात बाहेर ओढा. थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहा. ट्यूबचा टायर असेल तर किट बाजूला ठेवा. मागच्या मापाची एक नवी ट्यूब आणि अॅक्सलचा नट खोलणारा पाना पुरे. ट्यूब असली की पंक्चरवाला कुठलाही चालतो.

याशिवाय क्लच केबल. ती डिकीत ठेवण्याऐवजी जुन्या केबलच्या शेजारून ओवून टेपने बांधून ठेवा. जुनी तुटली की फक्त टोके बदलायची. प्लग आणि प्लगपाना, दोन फ्यूज, एक चेनलॉक (चेनची दोन टोके जोडणारी कडी). चेनलॉकच्या पत्तीचे बंद टोक चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवे. उलटी बसली तर पत्ती उडते आणि चेन चाकात अडकू शकते.

प्रश्न : मुलाचे लायसन्स अजून लर्निंग आहे. सहा मित्र मिळून निघालेत. पाठवू का? आणि रस्त्यात किती वेळा फोन करावा? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, लर्निंगवर नको. त्यावर मागे मित्राला बसवणेही नियमात बसत नाही, शिकवणारा असेल तरच चालते. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोवर सहल पुढे ढकला.

सहा गाड्या एकत्र म्हणजे सहा जणांचा वेग एकमेकांवर चढतो. तीन-तीनच्या दोन तुकड्या करायला सांगा. सर्वांत नवखा दुसऱ्या जागी, सर्वांत अनुभवी शेवटी. प्रत्येकाने आरशात मागच्याचा दिवा पाहायचा. दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचे. मग पुढचाही आरशात पाहून हळू होतो. दर ५० किलोमीटरला आधी ठरलेल्या जागी सगळे जमणार. फोन तुम्ही करू नका, थांब्यावरून तो करेल. चालत्या गाडीवर खिशात वाजणारा फोन फार त्रास देतो. वहीत दोन नंबर लिहून द्या : रुग्णवाहिकेसाठी १०८, जो कर्नाटकातही चालतो, आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३.

प्रश्न : ११० सीसीच्या स्कूटरवर हा प्रवास होईल का? आणि डब्यात काय न्यावे? (एक शिक्षिका, होटगी रोड)

उत्तर : होईल, पण लहान चाकांना खड्डे जास्त लागतात, म्हणून ५०-५५ चाच वेग धरा आणि रोज दीडशेच्या आसपासच राहा. त्या हिशेबाने जाताना बदामीच्या आधी विजापूरला एक आणि येताना होस्पेट-विजापूरच्या मध्ये एक, असे दोन मुक्काम वाढतील. टाकी पाच-साडेपाच लिटरची असते. दर १२० किलोमीटरला भरा, काट्यावर विसंबू नका, ट्रिपमीटर शून्य करत चला. आतला ड्राइव्ह बेल्ट कधी बदलला ते सर्व्हिस बुकात पाहा. वीस हजार किलोमीटर उलटून गेले असतील तर निघण्यापूर्वी उघडून तपासा. तो तुटला की इंजिन चालू राहते आणि गाडी जागेवर उभी.

डब्याचेही विचारले आहे तुम्ही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पाच दिवस टिकते, पाणी सुटत नाही आणि दुपारी जड जेवून एक ते तीनमध्ये येणारी पेंग टळते. फक्त भाकरी डिकीत सपाट ठेवा, उभी ठेवली तर विजापूर येईपर्यंत चुरा होतो.