५०० रुपयांच्या आत साधा काचेचा टाक घ्यायचाय, कुठला घेऊ आणि कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की सात-आठ शाईच्या बाटल्या जमल्यात, एकेक रंग बघायला दर वेळी फाउंटन पेन धुऊन परत भरायचा वैताग येतो, म्हणून ५०० च्या आत काचेचा टाक हवाय आणि त्यावर फुलं-पाकळ्या काही नकोत. मी चार वर्षं अगदी ह्याच कामासाठी काचेचा टाक वापरतोय, आत्तापर्यंत तीन घेतले, त्यातला एक फुटला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट उत्तर आधी देतो. सरळ दांड्याचा, पारदर्शक, अख्खा एकाच काचेचा टाक घ्या. ऑनलाइन 'ग्लास डिप पेन' असं शोधलं की चिनी बनावटीचे भरपूर दिसतात, माझा रोजचा जो आहे तो मी ३२० रुपयांना घेतलाय. त्याच पानावर हजार-बाराशेचे सेट पण असतात, सोबत छोट्या छोट्या बाटल्यांत शाई, मखमली डबा वगैरे, ते अजिबात घेऊ नका कारण तुमच्याकडे शाई आहेच आणि टोक बहुतेक वेळा तसलंच असतं, पैसे डब्याचे जातात. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास स्टेशनरी आणि आर्ट मटेरियलच्या दुकानांत विचारून बघा, पण तिथेही 'ग्लास पेन' म्हणूनच विचारा, नुसतं टाक म्हटलं की लोखंडी निबवाला लाकडी टाक काढून देतात. दुकानात मिळाला तर चार पैसे जास्त देऊन दुकानातूनच घ्या असं मी म्हणेन, कारण ह्या वस्तूत हाताने लिहून बघण्याला फार किंमत आहे.

आता टोक. काचेच्या टाकात निब नसते, टोकाला उभ्या खाचा असतात आणि त्या पीळ दिल्यासारख्या फिरत टोकापाशी एकत्र येतात. बाटलीत बुडवलं की शाई त्या खाचांतून आपोआप वर चढते, केशाकर्षण म्हणून शाळेत शिकलो तेच, आणि लिहिताना हळूहळू खाली उतरते. म्हणजे सगळं काम खाचांचं आणि शेवटच्या बिंदूचं, दांडा कसाही असो. खाचा शेवटपर्यंत गेल्या पाहिजेत, मधेच बुजल्या असतील तर शाई तिथेच अडते आणि दोन शब्दांत टाक कोरडा. आणि टाक बोटांत फिरवून बघा, टोक मधोमध आहे का एका बाजूला कललंय. स्वस्तातल्या टाकांत हा दोष खूप असतो आणि फोटोत तो कळत नाही.

लिहून बघायची माझी पद्धत सांगतो. नवीन पेनाने आपण पहिलं 'श्री' लिहितो ना, तेच लिहा, पण त्यावर एक लांबलचक शिरोरेषा ओढा, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि ओढता ओढता टाक बोटांत हळूहळू गोल फिरवा. रेघ सगळीकडे सारखी आली तर टोक चांगलं. मधेच बारीक झाली किंवा कागदाचा खर्र आवाज आला तर त्या बाजूला काच खरखरीत राहिलीय. मग 'ळ' लिहा चार-पाच वेळा, त्यात हात दोन्हीकडे वळतो त्यामुळे दोष लगेच सापडतो.

खरखरीत निघाला तरी टाकून देऊ नका, हे मला फार आवर्जून सांगायचंय, कारण बरेच लोक इथेच काचेचा टाक वाईट म्हणून सोडून देतात. हार्डवेअरच्या दुकानात गाड्यांच्या रंगकामाचा पाण्याचा पॉलिश पेपर मिळतो, २००० नंबरचा किंवा त्याहून बारीक घ्या. तो पाण्यात भिजवून सपाट फरशीवर ठेवायचा, टाक लिहिताना धरतो तसाच तिरका धरायचा आणि अजिबात दाब न देता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, मधे मधे टाकही बोटांत फिरवायचा. दहा-बारा फेऱ्या झाल्या की धुऊन लिहून बघा. पेपर कोरडा ठेवू नका, काचेची पूड उडते, नाकात जायला नको. आणि जास्त घासू नका, टोक बोथट झालं की रेघ जाड होते आणि ती परत बारीक होत नाही. माझा ३२० वाला पहिल्या दिवशी कागद ओरबाडत होता, दोनदा असं केल्यावर आता लोण्यासारखा चालतो.

थोडा इतिहास, कारण तुमच्या 'साधा' ह्या शब्दाशी त्याचा संबंध आहे. काचेचा टाक जपानमध्ये १९०२ साली सासाकी सादाजिरो नावाच्या कारागिराने बनवला असं सांगतात, तो काचेच्या वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा बनवायचा, फूरिन म्हणतात त्यांना. तिकडे नुसतं टोक काचेचं आणि दांडा बांबूचा असे साधे टाकही बनत आले, लिहायची वस्तू म्हणून. नक्षीदार रंगीत दांडे दिसायला सुंदर आहेत, जपानी आणि इटालियन कारागिरांचं काम बघत बसावंसं वाटतं, पण तो खर्च कारागिरीचा, शाई बघायला त्याची गरज नाही.

वापरताना खाचा अर्ध्यापर्यंतच बुडवा, पूर्ण बुडवलं की पहिल्या अक्षरावरच थेंब पडतो. वर काढताना बाटलीच्या काठाला हलकेच टेकवून जादा शाई उतरवा. बुडवताना तळाला ठोकर लागू देऊ नका, बाटली रिकामी होत आली की हे हमखास होतं, तेव्हा शाई छोट्या झाकणात ओतून घ्या. रेघ फिकी व्हायला लागली की लगेच परत बुडवायची घाई नको, टाक जरा फिरवा, दुसऱ्या बाजूच्या खाचांत शाई शिल्लक असते. माझा एका बुडवणीत साधारण अर्धं पान लिहितो, चांगल्या गुळगुळीत कागदावर. झेरॉक्सच्या पातळ कागदावर शाई फुटते आणि दोष टाकाला लागतो, तर कागद जरा बरा घ्या.

रंग बदलायचा तर ग्लासभर पाण्यात दोनदा हलवायचा आणि जुन्या सुती फडक्याने टिपायचा, संपलं. कॅम्लिनची रॉयल ब्लू, कोलकात्याची सुलेखा, केरळची कृष्णा, एका बैठकीत तिन्ही शेजारी शेजारी लिहून बघता येतात, आणि निळ्या-निळ्यांत किती फरक आहे ते तेव्हा कळतं. चमकी असलेल्या शाया फाउंटन पेनमध्ये फीड, म्हणजे निबेखालचा शाई पोचवणारा भाग, चोंदवतात, इथे चोंदायला काही नाहीच. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पण चालते, फाउंटन पेनमध्ये ती कधीच घालू नये, पण वाळू द्यायची नाही, लगेच धुवायचं, नाहीतर खाचांत घट्ट बसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ह्याने जाड-बारीक वळण येत नाही. काच लवचिक नसते, दाब दिला तर रेघ जाड होणार नाही, टोक मात्र तुटेल. देवनागरी सुलेखन करायचं असेल तर बोरू किंवा कट निबच घ्या. आणि वस्तू फुटण्याची फार धास्ती वाटत असेल तर लोखंडी निबचा साधा टाक घ्या, तो आणखी स्वस्त पडतो, फक्त तो गंजतो, दर वेळी कोरडा करून ठेवावा लागतो.

ऑनलाइन मागवलात तर पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. माझा दुसरा टाक नुसत्या पातळ खोक्यात सुटा आला होता, टोक गेलेलं, व्हिडिओ होता म्हणून पैसे परत मिळाले. घरात टोक खाली करून पेनस्टँडमध्ये कधीच ठेवू नका, माझा फुटलेला टाक तसाच फुटला. मी आता जुन्या कंपासपेटीत कापूस घालून आडवा ठेवतो.

टाक आला की श्री आणि ळ लिहिलेल्या कागदाचा फोटो आणि टोकाचा जवळून एक फोटो इथेच खाली टाका, कुठल्या बाजूने घासायला हवंय ते बघून सांगतो.