स्कॉटिश क्लेमोर तलवारीची प्रतिकृती घ्यायची आहे. शंभर पौंडांत बरी मिळेल का?

मिळेल की. भिंतीवर टांगायला. फिरवायचा विचार असेल तर विसरा. आणि "जड ती अस्सल" म्हणणाऱ्या माणसाला दुकानात सोबत नेऊ नका. मी नेलं होतं.

आमचे मेव्हणे, बायकोचे थोरले भाऊ, साताऱ्याचे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ग्लासगोला आले होते. त्यांच्या घरी जुना दांडपट्टा आहे, दसऱ्याला त्याची पूजा होते, आणि एवढ्या भांडवलावर शस्त्र या विषयात घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही. एडिंबराला रॉयल माइलवरच्या एका दुकानात दोन क्लेमोर होत्या. एक अडीच किलोची, मुठीला काळपट चामडं, पात्याला फारशी चमक नाही, ३८० पौंड. दुसरी आरशासारखी लखलखीत, चार किलोला जरा कमी, ९५ पौंड. मेव्हण्यांनी पहिली उचलली, तोलली, परत ठेवली. "दाजी, ही पोरांची. तलवार घेतली की हात खाली गेला पाहिजे."

मी म्हटलं, दादा, खऱ्या क्लेमोर सव्वादोन ते पावणेतीन किलोच्याच असायच्या. दिवसभर दोन्ही हातांनी फिरवायची वस्तू आहे, मुसळ नाही. पण दुकानदारासमोर मेव्हण्यांशी वाद कोण घालणार? शिवाय ९५ हा आकडा मलाही गोड वाटला, खोटं कशाला बोलू.

रविवारी मागच्या बागेत दुधाचे दोन प्लास्टिकचे कॅन पाणी भरून स्टुलावर ठेवले. पहिला वार मेव्हण्यांचा. कॅन कापला गेला नाही, तो नुसता स्टुलावरून उडाला. दुसऱ्या वाराला "टक्" असा बारीक आवाज आला आणि मेव्हण्यांच्या हातात फक्त मूठ राहिली. पातं शेजाऱ्याच्या लाकडी कुंपणात वीतभर रुतून थरथरत होतं. माझी धाकटी मुलगी तिथून दहा पावलांवर उभी होती. त्यानंतर बायको आम्हा दोघांना जे बोलली ते इथे लिहीत नाही.

मूठ उघडून पाहिली. रुंद पातं परजेपाशी (मुठीपुढच्या आडव्या दांडीपाशी) संपत होतं आणि पुढे मुठीच्या आत पेन्सिलीएवढी सळई वेल्डिंगने चिकटवलेली, टोकाला आटे पाडून नट लावलेला. वेल्डिंगच्या जागीच तुटली होती. अख्ख्या चार किलोंचा भार त्या पेन्सिलीवर. मेव्हण्यांचं मत: "तुमच्या इथल्या दमट हवेने झालं."

दोन दिवसांनी त्यांना स्टर्लिंगला वॉलेस मॉन्युमेंटमध्ये नेलं, मुद्दाम. २४६ पायऱ्या चढायच्या आहेत हे आधी सांगितलं नाही. वॉलेस म्हणजे इंग्रजांशी लढलेला स्कॉटिश वीर, 'ब्रेव्हहार्ट' सिनेमातला. त्याची म्हणून दाखवतात ती तलवार तिथे काचेत उभी आहे, लांबी १६३ सेंटिमीटर, वजन सुमारे २.७ किलो. म्हटलं, बघा, जवळजवळ माणसाएवढी लांब आणि तीन किलोसुद्धा नाही. म्हणाले, "मध्ये काच आहे. तोलून कुणी बघितलंय?"

(ती वॉलेसची आहे हे अभ्यासक मानत नाहीत. वॉलेस १३०५ मध्ये मारला गेला, आणि १५०५ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स चौथा याने त्या तलवारीची मूठ नवी करवली अशी नोंद आहे. तुम्हाला हवी असलेली क्लेमोर तर त्याहून वेगळी: परजेचे दोन्ही हात पात्याकडे कललेले आणि टोकांना चार पाकळ्यांचं फूल. ती साधारण १५००च्या आसपासची आणि पुढची दीडदोनशे वर्षं चाललेली. सिनेमावाल्यांच्या नादी लागू नका.)

दुकानात ते फूल आधी बघा. खऱ्या तलवारीत त्या चार पाकळ्या म्हणजे चार लोखंडी कड्या असतात, आरपार दिसतं. स्वस्तातल्या मालात भोकं बुजलेला ओतीव गोळा असतो. मग विचारा: पोलाद कोणतं? १०६० किंवा ५१६० (तलवारीला चालणाऱ्या पोलादांचे क्रमांक) म्हणाला तर पुढे बोला. स्टेनलेस म्हणाला तर ती शोभेची. टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग, पूर्ण आहे का, आणि टोकाला ठोकून बसवलाय की नट लावलाय? पातं टोकाकडे पातळ होत गेलंय का? नसेल तर तो लोखंडी पट्टी घासून केलेला प्रकार. तोल, म्हणजे बोटावर आडवी धरली तर जिथे समतोल राहते ती जागा, परजेपासून वीतभराच्या आत हवा. या प्रश्नांवर दुकानदार भिंतीकडे बघायला लागला तर बाहेर पडा. आणि भारतात बनलीय म्हणून नाक मुरडू नका. डेहराडूनची विंडलास कंपनी युरोपी तलवारींच्या प्रतिकृती किती दशकं बनवतेय, आणि त्या जगभर विकल्या जातात.

कायद्याचं राहिलंच. इथे ब्रिटनमध्ये तलवार विकत घ्यायला वय १८ लागतं, स्कॉटलंडमध्ये विकणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि सबळ कारण नसताना तलवार घेऊन रस्त्यावर फिरणं गुन्हा आहे, तेव्हा घरी नेताना नीट गुंडाळून न्या. गंमत म्हणजे ५० सेंटिमीटरहून लांब वक्र तलवारीच्या विक्रीवर, काही अपवाद सोडले तर, बंदी आहे. सरळ पात्याची ही धिप्पाड चालते. तुम्ही भारतात असाल तर ९ इंचांहून लांब पातं शस्त्र नियमांत येतं, मागवण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा.

आणि नुसती भिंतीवरच लावायची असेल तर ९५ पौंडांचीही वाईट नाही, हे कबूल करतो. फक्त खिळा दणकट ठोका, चार किलो आहेत.

मूठ मेव्हणे साताऱ्याला घेऊन गेले. दसऱ्याला पट्ट्याशेजारी ठेवतात आणि "स्कॉटलंडात एका वारात तुटली" असं आल्यागेल्याला सांगतात, कशावरच्या वारात ते सांगत नाहीत. पातं शेजाऱ्याने परत दिलं, कुंपणाच्या फळीच्या बिलासकट. बायकोने ते वाफ्यात रोवून त्यावर वाटाण्याचा वेल चढवलाय. ग्लासगोच्या पावसात बारा महिने उभं आहे, अजून गंजाचा ठिपका नाही. हे मेव्हण्यांना कळवलेलं नाही.