दुकानातला नाताळ संपतो तेव्हा आपला सुरू होतो

सलाम ताई,

पुढच्या वर्षी सहकुटुंब परदेशी जायचं चाललंय, देश अजून नक्की नाही, मुलं सात आणि चार वर्षांची आहेत, असं तुम्ही लिहिलंत. तिकडच्या झगमगाटात नाताळ म्हणजे सांता, सेल आणि खोकी एवढंच मुलांच्या मनात बसेल, प्रभूचा जन्म बाजूलाच राहील, ही तुमची काळजी. नोकरी-व्हिसाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी या एकाच गोष्टीवर लिहिते. देश कुठलाही निघो, यात फारसा फरक पडत नाही.

आधी एक सांगून टाकते: दुकानांशी भांडायला जाऊ नका. पहिल्या वर्षी बरेच जण तावातावाने ठरवतात, झाड नको, दिवे नकोत, काहीच नको. डिसेंबरभर घरात चर्चा मात्र दुकानांचीच चालते. इतिहासात हे करूनही झालंय. इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, संसदेने १६४७ मध्ये नाताळचा सण रद्द केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ मध्ये उठला. सण काही बंद झाला नाही.

त्यापेक्षा कॅलेंडर बदला. दुकानाचा नाताळ हॅलोविनचे भोपळे उचलले की लगेच मांडला जातो, नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेच्या सेलला जोर धरतो, २४ डिसेंबरला शिगेला पोचतो आणि २६ला संपतो. त्या दिवशी तेच सामान अर्ध्या किमतीत, आणि आठवड्याभरात झाडं फुटपाथवर. चर्चचं उलटं आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे (ॲडव्हेंट). पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीतरी येतो. हा काळ वाट पाहण्याचा, पश्चात्तापाचा. बऱ्याच चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड असतं, लेंटसारखं (ईस्टरआधीच्या उपासकाळासारखं). जन्माचा सण सुरू होतो २४च्या संध्याकाळी आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनी) चालतो. म्हणजे दोन्ही नाताळ एकमेकांना जेमतेम एक दिवस भेटतात. दुकानांना त्यांचा नोव्हेंबर-डिसेंबर खुशाल घेऊ द्या. आपलं सुरू होईल तेव्हा गर्दी ओसरलेली असते, रजा असते, आणि कोणी काही विकायला येत नाही.

हे मुलांना समजावून सांगू नका, घरात दिसू द्या. मेणबत्त्यांचं आगमनचक्र करा: हिरव्या पानांच्या गोलात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. ही कल्पना योहान हिनरिख विचर्न या पाळकाची. हॅम्बुर्गमध्ये तो गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होता. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून १८३९ मध्ये त्याने गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या लहान. तुमचा चार वर्षांचाही तेच विचारणार आहे. दिवे घालवून एकच मेणबत्ती लावा, बायबलमधल्या यशयाच्या नवव्या अध्यायातल्या दोन ओळी वाचा, एक गीत, प्रार्थना, संपलं. पाच मिनिटांच्या वर ताणलंत तर मुलं मेणाशी खेळायला लागतात. रोज एक खिडकी उघडायचं आगमन-कॅलेंडरही याच घराण्यातलं, पण आता त्याच्या खिडक्यांमागे चॉकलेटच नव्हे, मेकअप आणि व्हिस्कीसुद्धा मिळते. घेतलंत तर आतलं काय ते पाहून घ्या.

दुसरी वस्तू म्हणजे येशूजन्माच्या गव्हाणीचा देखावा. संत फ्रान्सिस ऑफ असिसीने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात जे केलं त्यात म्हणे मूर्ती नव्हत्याच. गव्हाण, गवत, बैल, गाढव आणि तिथेच मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना. गरिबी डोळ्यांना दिसावी हा हेतू होता. आमच्याकडे डिसेंबरभर गव्हाण रिकामी असते. बाळ ड्रॉवरमध्ये, २४च्या रात्री येणार. मागी लोकांना, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, आम्ही पुस्तकांच्या कपाटाच्या टोकाला उभं करतो आणि रोज थोडं पुढे सरकवतो, ६ जानेवारीला ते पोचतात. एके वर्षी उंट दोन दिवस फ्रिजवर होता, कारण धाकटीच्या मते तिथे वाळवंट होतं. मागी लोकांची गोष्ट असलेला मत्तयाचा दुसरा अध्याय तिला त्या उंटामुळे पाठ झाला, आणि पाहुणी मुलं आली की तीच सांगते की अजून बाळ आलेलं नाही, हात लावू नका.

सांताचं काय, हा तुमचा मोठा प्रश्न. शाळेत तो येणारच. मी मुलांना निकोलस सांगितला. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. परंपरा सांगते की एका गरीब बापाला तीन मुलींच्या लग्नासाठी हुंडा नव्हता आणि याने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, कोणाला कळू न देता. त्याचा दिवस ६ डिसेंबर. त्या दिवशी आमची मुलं आपल्यापैकी काहीतरी गुपचूप दुसऱ्याला देतात. कोणाला ते मलाही सांगायचं नाही. लाल कपडे कोका-कोलाने दिले असं कोणी सांगितलं तर ते अर्धवट आहे, लाल सांता आधीही छापला जात होता. १९३१ पासूनच्या जाहिरातींनी तो पक्का केला. सांता खोटा आहे असं वर्गात जाहीर करायला मात्र मुलांना शिकवू नका. दुसऱ्याच्या घरातलं ते त्या घरच्यांनी बघावं. तुमच्या घरात कोणी थेट विचारलं तर खरं सांगा, म्हणजे पुढे येशूबद्दल सांगाल तेव्हाही मूल विश्वास ठेवेल.

भेटवस्तूंचं बोलणं नोव्हेंबरच्या आत नातेवाइकांशी उरकून घ्या. उशीर केलात तर पार्सलं निघालेली असतात. ऑफिसातला सीक्रेट सांता खेळा, त्यात काही पाप नाही. पण नव्या माणसाला क्रेडिट कार्ड पटकन मिळतं आणि डिसेंबरचं बिल जानेवारीत येतं. देणगीची रक्कम खरेदीच्या आधी बाजूला काढा, उरलेल्यातून नाही.

चर्च शोधायचं काम नाताळवर ठेवू नका. २४च्या रात्री प्रत्येक चर्च भरलेलं असतं, त्यात वर्षातून एकदा येणारे पुष्कळ. त्या गर्दीवरून मंडळी कशी आहे ते कळत नाही. आगमनाच्या पहिल्या रविवारी जा, उपासनेनंतर चहाला थांबा आणि काही काम आहे का विचारा. खुर्च्या लावायला, मुलांच्या नाटिकेची तालीम घ्यायला माणसं कमीच पडतात. काम मिळालं की ओळख आपोआप होते. तुम्ही प्रोटेस्टंट, पती कॅथलिक असल्याने दोन्हीकडे जाणार असाल तर १७ ते २३ डिसेंबर या दिवसांतल्या कॅथलिक संध्याप्रार्थनेला एकदा तरी बसा. रोज ‘हे’ अशा हाकेने सुरू होणारी एक जुनी आळवणी म्हटली जाते, दर दिवशी येशूच्या वेगळ्या नावाने, शेवटची इम्मानुएलला. खरेदीचा सगळ्यात वेडा आठवडा नेमका तोच. शेजारी ऑर्थोडॉक्स असले तर त्यांच्याकडे पाहा: १५ नोव्हेंबरपासून चाळीस दिवस उपास; जुन्या (ज्युलियन) कॅलेंडरने चालणाऱ्यांचं सगळं तेरा दिवस उशिरा, म्हणून त्यांचा नाताळ ७ जानेवारीला.

एका गोष्टीची तयारी ठेवा. हॉस्पिटल, दुकान, हॉटेल अशा ठिकाणी नोकरी लागली तर नाताळची शिफ्ट बहुधा नव्या माणसाच्या वाट्याला येते. चिडू नका, २४ची उपासना करून जा, किंवा घरचा सण २७ला करा, तो अजून नाताळच असतो. काही शहरांत २५ला बससुद्धा नसते, तेव्हा चर्चला कसं जायचं ते आधी ठरवा. आणि त्या दिवशी एकटं कोण आहे ते मंडळीत विचारून ठेवा.

२६ डिसेंबर स्तेफनाचा, दगडमार होऊन मेलेल्या पहिल्या हुतात्म्याचा. २८ हेरोदाने मारलेल्या बालकांचा. त्याच कथेत योसेफ बाळाला घेऊन रातोरात मिसरला (इजिप्तला) पळतो. हे दोन दिवस कोणत्याही दुकानाला विकता येत नाहीत, म्हणून मला ते फार आवडतात. सात वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं, हळू आवाजात, आणि ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त समजतं. मिसरची गोष्ट तर त्यांना स्वतःचीच वाटेल, नुकतेच बॅगा भरून आलेले असतील ना.

सामानात प्रत्येकाचं वेगळं मराठी बायबल घ्या, मुलांचंही. फोनवर मिळतं हे खरं, पण रविवारी फोन हातात दिला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गव्हाणीच्या मूर्ती मात्र तिथेच घ्या, वाटेत मोडतात. देश ठरला की शहर कळवा, तिथली एखादी मंडळी माहीत असली तर सांगेन.