डायमंड टंकलेखक नव्हता

'हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डर एवढा मोठा, मग त्याच्याबरोबर पटकथा लिहिणाऱ्या आय. ए. एल. डायमंडने नुसतं टाइप करण्यापलीकडे काय केलं?' असं तुम्ही विचारलंत. या दोघांचे सिनेमे मी कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डायमंडचा जन्म १९२०चा, तेव्हाच्या रुमानियातल्या उंगेनीचा. नऊ वर्षांचा असताना अमेरिकेत आला. वाइल्डरची मातृभाषा जर्मन, म्हणजे इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नव्हे. कोलंबिया विद्यापीठात असताना तो तिथल्या वार्षिक संगीत-नाटकांचं लेखन करायचा. पुढे हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये पगारी लेखक म्हणून बरीच वर्षं गेली. त्या काळातलं फारसं काही आज कुणी आवर्जून बघत नाही. वाइल्डरशी जोडी जमली ती १९५७च्या 'लव्ह इन द आफ्टरनून'पासून. मग १९८१पर्यंत एकूण बारा सिनेमे.

'सम लाइक इट हॉट'चा शेवट आठवा. बाईच्या वेषातला जॅक लेमन लग्न टाळायला एकेक सबब काढतो, शेवटी विग काढून 'मी पुरुष आहे' म्हणतो, आणि त्याला बाई समजून प्रेमात पडलेला म्हातारा ऑसगुड शांतपणे सांगतो की परिपूर्ण कुणीच नसतं. हे वाक्य डायमंडचं, आणि तसं वाइल्डरनेच सांगितलंय. दुसरं चांगलं सुचेपर्यंत राहू दे म्हणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

पण माझ्या मते या जोडीचं खरं काम दिसतं ते 'द अपार्टमेंट'मध्ये (१९६०). पटकथेचं ऑस्कर दोघांना मिळून मिळालं. बॅक्स्टर हा कारकून आपला फ्लॅट साहेबांना त्यांच्या चोरट्या भेटींसाठी वापरू देतो. तिथे त्याला एक पावडरची डबी सापडते, आतला आरसा तडकलेला. तो ती साहेबाला परत करतो. प्रेक्षक हे विसरूनही जातो. मग नाताळच्या पार्टीत बॅक्स्टर नवी हॅट घालून मिरवत असतो, आणि कशी दिसते ते बघायला फ्रॅन, ऑफिसातली लिफ्ट चालवणारी, त्याला आवडणारी मुलगी, त्याला स्वतःची डबी देते. तोच तडकलेला आरसा. साहेबाबरोबर आपल्या फ्लॅटवर येणारी बाई कोण, हे त्याला त्या क्षणी कळतं. 'आरसा फुटलाय' एवढंच तो म्हणतो. ती म्हणते, मला आवडतो असाच, मला आतून जसं वाटतं तशीच मी त्यात दिसते.

कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. विनोदी सिनेमात काळीज चिरणारा हा प्रसंग बसवायचा, तर आधीच्या प्रसंगात ती डबी इतक्या सहज ठेवावी लागते. यातलं किती कुणाचं, हे वेगळं काढता येत नाही. दोघं एका खोलीत बसून शब्दन् शब्द ठरवत. म्हणूनच डायमंडला टंकलेखक म्हटलेलं मला सहन होत नाही.

सुरुवात 'द अपार्टमेंट'पासून करा. बघताना त्या डबीवर लक्ष ठेवा.